ग्वे-लीची दोन बोटं

गांगशान स्टेशनच्या मागच्या गल्लीत आ-थोचं मोटरसायकलचं दुकान होतं, आणि त्या दुकानाचा एक नियम होता. गाडीला काहीही बसवायचं असो, सामानाची पेटी, काच, पायदान, जादा दिवा, त्याचा प्रत्येक बोल्ट आधी शेठाणीच्या बोटांनी आत जायला हवा. पाना नंतर. शेठाणी म्हणजे आ-थोची बायको ग्वे-ली. ती अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट एवढ्यावरच बोल्ट धरायची, भोकाच्या तोंडाशी आधी उलटा अर्धा फेरा द्यायची, मग सुलटा, आणि नजर भलतीकडेच ठेवून फिरवत राहायची. मध्ये कुठे अडला की बोल्ट बाहेर. मग गिऱ्हाइकाला सांगायची, बस, चहा घे, भोक अजून साफ व्हायचंय.

गिऱ्हाइकं कुरकुरत. दुसऱ्या दुकानांत हवेच्या पान्याने टर्रर्र करून दोन मिनिटांत पेटी बसवून देत. शेजारी बोकडाच्या मटणाचं हॉटेल चालवणारा लोंग तर म्हणायचा, की आ-थोकडे गाडी लावून माणसाने लग्न करून यावं, तरी बोल्ट बसलेला नसेल. पण रश्शाचे डबे ठेवायची स्वतःची पेटी त्याने इथेच बसवून घेतली होती, कारण आधीची पेटी भर रेल्वे फाटकात रश्शासकट निखळून पडली होती. लोंगचं तोंड कोणाला धरता येत नाही, आ-थो म्हणायचा, पेटी तेवढी धरून ठेवता येते.

गांगशान हे स्क्रू-बोल्टचं गाव. तिथल्या कारखान्यांतून दर्यापार बोल्ट जातात, आणि घरटी कोणी ना कोणी त्या कारखान्यांत घाम गाळलेला असतो. ग्वे-लीचं माहेर डोंगरापलीकडे, पूर्वेच्या समुद्रावर, ताइमालीला. तिथे भावाची सीताफळांची बाग. तरुणपणी ती डोंगर ओलांडून कामाला आली आणि बोल्टच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर बसली. आ-थो तेव्हा नवा नवा मिस्त्री. स्वस्तात मिळतात म्हणून तो नापास बोल्टांचं पोतं न्यायला आला, तर फाटकाशी या मुलीने त्याला अडवलं आणि विचारलं, हे लोकांच्या ब्रेकला लावणार आहेस की घरची खुंटी ठोकायला? भांडण झालं. त्या भांडणातूनच पुढे लग्न झालं, आणि पोतं तिथेच राहिलं.

दुकानात आल्यावर तिने डब्यांची भिंतच उभी केली. कोणता बोल्ट कुठे, किती लांबीचा, हे ती एका काडीने ठरवायची. दुकानातल्या देव्हाऱ्यात जळून गेलेल्या उदबत्तीची खालची काडी घ्यायची, भोकात तळाला टेकेपर्यंत घालायची, तोंडाशी नखाने खूण करायची आणि बोल्टाशेजारी धरायची. आता मध्ये नवी पट्टी येणार, तिची जाडी त्यात मिळवायची, आणि तळाशी थोडी जागा सोडायची. बोल्ट आखूड असला तर दोन-चार आट्यांवर लोंबकळतो. लांब असला तर त्याचं नाक तळाला टेकतं, पान्याला घट्ट लागतो, पण पट्टी मात्र सैलच राहते. काडीला तेल लागून आलं, तर ती भोक कापसाने टिपून कोरडं करायला लावायची, कारण तळाच्या तेलाला बोल्टाने दाबलं की ते भोकाची भिंत फोडतं. एवढं सगळं ती शिव्या देत देत करायची. देवाची काडी आणि तोंडात शिव्या, असं लोंग म्हणायचा.

भोक साफ करायलाही तिची रीत होती. जुन्या चांगल्या बोल्टाला हॅक्सॉने उभी चीर पाडलेली, आणि तोच हलक्या हाताने आतबाहेर फिरवायचा. गंज, माती, रंगाचे पापुद्रे त्या चिरेत गोळा होऊन येत. आटे पाडायचा टॅप मात्र कपाटात कुलपात. टॅप फक्त कचरा काढत नाही, तो धातूही खरवडतो. भोक झटपट मोकळं होतं, पण आटे झिजतात आणि पुढे बोल्ट ढिला बसतो. आळशी मिस्त्र्याचं हत्यार, असं ती म्हणे. आ-थोने नवा असताना एकदा टॅप मारला होता, तेव्हा ती दोन दिवस त्याच्याशी बोलली नव्हती.

तर त्या बाईच्या बोटांना रोग लागला.

आधी चॉपस्टिकमधून माशाचा तुकडा निसटायला लागला. मग डब्यातला बोल्ट उचलताना सांडायचा. मग चालताना तोल जायला लागला. काओशुंगच्या मोठ्या इस्पितळात त्यांना रोगाचं नाव सांगितलं. आमच्याकडे त्या रोगाच्या माणसांना हळूहळू गोठणारी माणसं म्हणतात. बोटं, मग हात, मग पाय, मग घास गिळणं, मग श्वास. परतताना गाडीत ग्वे-ली म्हणाली, की गांगशानसारख्या भट्टीत राहून गोठायचं म्हणजे नशीबच म्हणायचं. आ-थोला हसू आलं नाही. ताइचुंगला नोकरी करणारी त्यांची एकुलती मुलगी पेई-युन गाडी चालवत होती, तिने आरसा जरा वर केला, डोळे दिसू नयेत म्हणून.

दुकान चालूच राहिलं. ग्वे-ली खुर्चीत बसून गिऱ्हाइकांचे बोल्ट फिरवत राहिली. साफ कर, पुन्हा साफ कर, हे त्या वर्षी ती जरा जास्तच म्हणायला लागली होती. आ-थोला वाटलं, आजाराने माणूस चिडचिडं होतं.

आमच्याकडे नव्या वर्षाच्या दुसऱ्या दिवशी लेकी माहेरी जातात. लग्न झाल्यापासून ग्वे-ली त्या दिवशी आ-थोच्या मागे गियरच्या मोटरसायकलवर बसून डोंगर ओलांडून ताइमालीला जायची. आगगाडी सुरू झाली, पेई-युनने मोटार घेतली, तरी या दोघांची ती जुनी मोटरसायकलच. घाटमाथ्यावर थांबायचं, थर्मासमधला चहा प्यायचा, उतरणीला समुद्र दिसला की तिने त्याच्या पाठीवर बुक्की मारायची. का मारायची ते त्याने कधी विचारलं नाही. संध्याकाळी निघताना भाऊ सीताफळांचं खोकं मागे बांधून द्यायचा, कारण माहेराहून लेकीला रिकामी पाठवायची नसते.

वर्षाचा शेवटचा महिना लागला तेव्हा तिने सांगितलं, यंदाही जायचं, आणि मोटरसायकलवरूनच.

पेई-युनने फोनवर आकाशपाताळ एक केलं. आईला नीट बसवत नाही, कमरेतून कलंडते, आणि घाटात मोटरसायकल? मी मोटार घेऊन येते ना. ग्वे-ली म्हणाली, मोटारीत मला डब्यासारखी ठेवून नेतील, मला समुद्र याच्या पाठीमागून बघायचाय. मग आ-थोकडे वळून म्हणाली, "मागे टेकायला पाठ कर. बाजूला हात कर. पट्टा लाव. लोकांच्या पोरांना करून देतोस, मला करायला काय झालं?"

त्याने केली. नळी वाकवून चौकट केली, तिच्या पाठीची उंची खुर्चीत मोजून घेतली, दोन्ही बाजूंना कोपर टेकायला हात काढले, जाड फोम घालून कातड्यासारखं काळं कापड शिवून घेतलं. लोंग बघायला आला आणि म्हणाला, राणीचं सिंहासन झालं, आता राजाला हेल्मेटऐवजी मुकुट घाल. ग्वे-ली खूश होती. आता राहिली होती चार भोकं.

सीटच्या मागे अॅल्युमिनियमची एक ओतीव पट्टी होती, आणि तिच्यात सामानाच्या जाळीसाठी चार भोकं दिलेली, आरपार नसलेली. जाळी कधी बसवलीच नव्हती, त्यामुळे इतक्या वर्षांचा चिखल, रंग आणि घाटातली धूळ त्यांत घट्ट बसली होती. आ-थोने चिरेचा बोल्ट फिरवला, ब्रशने झाडलं, हवा मारली, कापसाने टिपलं. ग्वे-लीने काडी घातली, नखाने खूण केली, डब्यांच्या भिंतीकडे बघून त्याला कोणता डबा ते सांगितलं. गंज न चढणारे बोल्ट, जाड वॉशर, आणि आट्यांना बोटभर काळी मलई, नाहीतर पोलाद आणि अॅल्युमिनियम एकमेकांना चावून बसतात. सगळं तिच्या रीतीने. मग तिने पहिला बोल्ट धरला.

दोन फेरे गेला आणि थांबला.

"अडकतोय," ती म्हणाली. "साफ कर अजून."

त्याने केलं. दुसऱ्या दिवशी पहिला तीन फेरे गेला, दुसरा तोंडाशीच थांबला. तो पुन्हा घासत बसला. तिसऱ्या खेपेला त्याने बोल्ट बदलले, मग नवा चिरेचा बोल्ट केला, मग बारीक तारेचा ब्रश आणला. ती रोज खुर्ची मोटरसायकलमागे ओढून घ्यायला लावायची, रोज बोल्ट धरायची, आणि रोज म्हणायची, अजून नाही. गावात घरोघर साफसफाई सुरू झाली होती, स्वयंपाकघरातल्या देवाला गोड खाऊ घालून वर पाठवायचा दिवस आला, आणि आ-थोची चार भोकं काही साफ होईनात.

लोंगने विचारलंच. "चार भोकं ना रे? एवढ्यात तर डोंगराला बोगदा पडला असता."

एका दुपारी ग्वे-ली पलंगावर झोपली होती. पोपटासारखी हिरवीगार मोटरसायकल मधल्या स्टँडवर उभी होती. आ-थोने सहज, केवळ वैतागून, एक बोल्ट उचलला आणि स्वतःच्या दोन बोटांनी भोकाला लावला. बोल्ट फिरला. फिरत राहिला. कुठे करकर नाही, कुठे अडणं नाही, सरळ पट्टीला टेकेपर्यंत गेला. त्याने दुसरा लावला. तिसरा. चौथा. चारही बोल्ट लोण्यात सुरी जावी तसे गेले.

तो जमिनीवर बसला. भोकं किती दिवसांपासून साफ होती कोण जाणे. अडत होती ती ग्वे-लीची बोटं. या बोटांनी कारखान्यात हजारो बोल्ट पास-नापास केले, या बोटांच्या भरवशावर अर्ध्या गावाच्या गाड्या धावत होत्या, आणि आता त्यांना एक बोल्ट चार फेरे फिरवता येत नव्हता. इस्पितळात ऐकलं तेव्हा तो रडला नव्हता. आता रडला, तोंडात तेलकट फडक्याचा बोळा धरून, पलंगापर्यंत आवाज जाऊ नये म्हणून. मग चारही बोल्ट काढून, पुसून, होते तसे डब्यात ठेवले.

त्याच वेळी त्याने तिला सांगायला हवं होतं. अगं, राहू दे, मी फिरवतो, एवढंच. पण ते म्हणायचं म्हणजे तिला कळणार, की आपल्याला कळलंय. बाकी सगळं गेलं होतं तिचं, एक बोटांचा मान तेवढा राहिला होता, तो कसा काढून घ्यायचा? म्हणून हा शहाणा दुसऱ्या दिवशी पुन्हा चिरेचा बोल्ट घेऊन साफ भोकं साफ करायला बसला. भोकातून काही निघत नव्हतं, तर फडक्यावरची जुनी घाण दाखवून म्हणायचा, बघ, केवढा मळ निघाला. ती बघायची आणि मान हलवायची. माणसाला माया असली म्हणजे अक्कल असतेच असं नाही.

वर्षाचा शेवटचा दिवस उद्यावर आला. पेई-युन रात्रीपर्यंत येणार होती, मोटार घेऊन, आणि तिने बजावलं होतं की पाठ बसलेली नसेल तर आईला मी मोटारीतून नेणार. आ-थोपुढे दोन वाटा होत्या, बोलायचं किंवा बसवायचं. त्याने तिसरी धरली. ग्वे-ली दुपारी आडवी झाल्यावर त्याने कपाटाचं कुलूप काढलं आणि टॅप बाहेर काढला.

त्याने चारही भोकांत टॅप फिरवला, आणि सरळ नाही, हलवत हलवत फिरवला, आटे खरवडून रुंद व्हावेत म्हणून. अॅल्युमिनियमचा चकचकीत कीस फडक्यावर पडत गेला. असं काम त्याने शत्रूच्या गाडीलाही केलं नसतं. पण आता बोल्ट नुसत्या बोटाच्या धक्क्याने आत उतरत होता, आणि त्याला वाटलं, एकदा तिने फिरवला की झालं, मग आटे पुन्हा भरून घेऊ. मग म्हणजे कधी, हे त्याच्या डोक्यात आलं नाही.

ती उठली. त्याने खुर्ची ओढली, तिच्या हातात बोल्ट दिला. तिने भोकाला लावला, आणि बोल्ट गेला. दोन बोटं नीट मिटतही नव्हती, नुसती कडेने ढकलत होती, तरी गेला. पट्टीला टेकला. आ-थो तिच्या तोंडाकडे बघत होता, तिथे आता हसू येईल म्हणून.

ग्वे-लीने बोल्टाच्या डोक्यावर बोट ठेवून त्याला बाजूला ढकललं. बोल्ट हलला. दुसऱ्या बाजूला ढकललं. पुन्हा हलला.

"आ-थो," ती म्हणाली, "टॅप मारलास?"

त्याने फडक्यावरचा कीस मुठीत झाकला.

"दुसऱ्या कोणाच्या गाडीला मारला असतास?"

"नाही."

तिने बोल्टावरून बोट काढून घेतलं. मग म्हणाली, "भोक साफ होतं. पहिल्या दिवसापासून. कचरा असला की बोल्ट करकरतो. हा करकरत नव्हता, नुसता थांबत होता. थांबत मी होते."

"मग अडकतोय म्हणून का सांगितलंस?"

"मला वाटलं, आज ना उद्या तू स्वतः फिरवून बघशील, आणि म्हणशील, राहू दे, मी बसवतो. तू म्हटलं असतंस तर मी हो म्हटलं असतं. मला आपल्या तोंडाने सांगवत नव्हतं रे. आणि तू नुसता घासतच बसलास."

आ-थोने फिरवून बघितलं होतं, हे त्याने तेव्हा सांगितलं. ती हसली, म्हणजे हसण्यासारखं काहीतरी केलं, आणि म्हणाली की दोन म्हातारी मिळून चार भोकांपुढे हरलो. मग तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला तिचा हात वर आला नाही, म्हणून त्याने पुसलं, आणि त्याच्या बोटांचं तेल तिच्या गालाला लागलं.

त्या आट्यांवर तिला बसवणं शक्य नव्हतं. तिचा सगळा भार त्या पाठीवर येणार होता, घाटातल्या वळणावर बोल्ट निघाला असता तर ती मागच्या मागे गेली असती. यावर उपाय होता, तारेचं वेटोळं आत बसवून नवे आटे करायचे, पण त्या मापाची वेटोळी त्याच्याकडे संपलेली, आणि सणासाठी गाव बंद झालेलं. ज्या गावातून जगाला बोल्ट जातात, तिथे त्या दिवशी चार वेटोळी मिळेनात. तो सायकलवरून ओळखीच्या दारोदार फिरला. लोक बिचारे गोड खाऊ पुढे करत होते, शटरच्या किल्ल्या मात्र मालकाबरोबर गावी गेलेल्या.

पेई-युन आली. तिला सगळं कळलं तेव्हा ती बापाला बोलली नाही, यापेक्षा बोलली असती तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशीच्या माहेराला ग्वे-ली मोटारीने गेली नाही. भावाला फोन करून म्हणाली, दादा, पंधराव्या दिवशी येते, दिव्यांच्या सणाला, गाडीचं जरा काम निघालंय. भाऊ म्हणाला, ये ये, फळं तुझ्यासाठी झाडावरच ठेवतो.

दुकानं उघडली त्या सकाळी आ-थो वेटोळी घेऊन आला. भोकं रुंद केली, नवे आटे बसवले, टिपली, काडी घातली. मग त्याने खुर्ची ओढली, ग्वे-लीची दोन बोटं बोल्टावर ठेवली, वरून आपली दोन बोटं ठेवली, आणि दोघांनी मिळून बोल्ट फिरवला. चारही. तिने डोळे नेहमीसारखे भलतीकडे ठेवले होते. चौथा टेकल्यावर म्हणाली, हा चांगला गेला. मग त्याने पाना घेतला, बोल्ट आवळले, आणि ढिला झाला तर कळावं म्हणून प्रत्येक डोक्यावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली. हे सगळं व्हायला एक चहा गार होण्याइतका वेळ लागला.

त्याच आठवड्यात तांदळाची पेज भलत्या नळीत गेली. ठसका लागला, संध्याकाळी ताप चढला, छातीत पाणी झालं. इस्पितळातून ती परत आली नाही. दिव्यांचा सण तेव्हा दोन दिवसांवर होता.

आमच्यात म्हण आहे, बाप गेला तर उचलून न्या, आई गेली तर तिच्या माहेरची वाट बघा. माहेरच्या माणसाने येऊन बघितल्याशिवाय बाईची शवपेटी बंद करत नाहीत. आणि ही बातमी फोनवरही देत नाहीत. घरच्याने जाऊन दारात उभं राहायचं असतं. पेई-युन म्हणाली, हे लेकराचं काम आहे, आ-पा, मी जाते. आ-थोने हेल्मेट घातलं. तिने त्याच्या जाकिटाची चेन वर ओढून दिली.

गाडीची पाठ काढून ठेवावी, असं त्याच्या मनात आलं होतं. पण बोल्टाला हात लावायचं त्याच्याने झालं नाही. तो गाडी तशीच घेऊन निघाला. घाटमाथ्यावर थांबला नाही. उतरणीला समुद्र दिसला तेव्हा त्याने पाठ ताठ केली, सवयीने, बुक्की येणार म्हणून. तिथे त्याला गाडी कडेला घ्यावी लागली.

ताइमालीला बागेच्या तोंडाशी गाडीचा आवाज ओळखून भाऊ हातात कात्री घेऊन हसत बाहेर आला. थिआमदादा आता ऐंशीला टेकला होता. त्याने आधी आ-थोच्या मागे बघितलं. रिकामी पाठ दिसली, पाठीचे दोन रिकामे हात दिसले, आणि आ-थो उंबऱ्याबाहेरच गुडघे टेकताना दिसला.

म्हातारा आत गेला आणि रीतीप्रमाणे वाडगाभर पाणी घेऊन आला. आ-थो ते प्यायला. मग माहेरच्या माणसाने विचारायचं असतं ते भावाने विचारलं. "तिला काही कमी पडलं का?"

यावर नाही म्हणायचं असतं. सगळे म्हणतात.

"उशीर झाला, दादा," आ-थो म्हणाला. "भोकं साफ होती. मला माहीत होतं. मी बोललो नाही." आणि त्याने तिथेच, बाहेर, सगळं सांगितलं, बोटांचं, टॅपचं, बंद गावाचं. भाऊ बोल्टांतलं काही समजणारा माणूस नव्हता. तो ऐकत राहिला. मग गाडीपाशी गेला, दोन्ही हातांनी पाठ धरून त्याने जोर लावून हलवली. पाठ हलली नाही.

"पक्की आहे," तो म्हणाला.

"तिच्याच हातची आहे."

भाऊ बागेत गेला. झाडावर राखून ठेवलेली सीताफळं त्याने कात्रीने एकेक उतरवली, खोक्यात गवतावर मांडली आणि खोकं आणून सीटवर ठेवलं. अशा वेळी माहेराहून काही नेत नाहीत, आ-थोने आठवण करून दिली. म्हातारा म्हणाला, "असू दे. तिला रिकामी नाही पाठवायची मला." त्याने पट्टा खोक्याभोवती घेतला, पाठीला आवळला, दोन्ही हातांच्या मधे नीट बसलंय ना ते बघितलं, आणि मी सकाळच्या गाडीने येतो म्हणून सांगितलं.

फळं झाडावर पिकून मऊ झाली होती, जरा धक्का बसला तरी दबणारी. आ-थोने पहिला गियर टाकला. प्रत्येक वळणावर वेग उतरवत, खड्डा दिसला की लांबून वळसा घेत, तो घाट चढू लागला. मागून येणारे भोंगे वाजवून पुढे जात होते. इतकी हळू गाडी तो तिच्यासाठी चालवणार होता.